खुडूक कोंबडी: बसवायची की मोडायची? परसातल्या कोंबड्यांचा हिशेब आणि आरोग्य



परसातल्या कोंबड्यांवरचा व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, कोंबडी खुडूक झालीय, अंडी बंद झाली, आता काय करू?" व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर देता येतं, पण त्यामागचा हिशेब दोन मिनिटांत मावत नाही. म्हणून आज तो सविस्तर लिहिते. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये थोडी आकडेमोड आहे.

आधीच सांगते, हा लेख पाच ते पंचवीस कोंबड्या ठेवणाऱ्यांसाठी आहे. पाचशे-हजार पक्ष्यांची शेड असेल तर तिथलं गणित वेगळं असतं. परसात दहा कोंबड्या असतात तेव्हा त्यातल्या तीन खुडूक झाल्या की उत्पन्न जवळजवळ एक तृतीयांशाने खाली येतं. मुलांच्या वह्या, गॅसचा पैसा, भिशीचा हप्ता हे सगळं ज्या घरात अंड्यांवर चालतं, तिथे ही छोटी गोष्ट राहत नाही.

खुडूक म्हणजे नेमकं काय?

खुडूक होणं हा आजार नाही. कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि तिला अंडी उबवायची ओढ लागते. देशी कोंबडी साधारण बारा ते अठरा अंडी घालते, मग थांबते आणि बसते. वर्षात असे तीन-चार फेरे होतात. म्हणून देशी कोंबडीची वर्षाची अंडी साधारण साठ-ऐंशीच्या घरात राहतात.

ओळखायचं कसं? खुराड्यात घरट्यावरून उठत नाही. हात नेला की पिसं फुलवते, चोच मारते. "खुड् खुड्" असा आवाज काढते, नाव त्यावरूनच पडलंय. पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी आणि गरम लागते. दिवसातून एकदाच उठते, घाईघाईने खाते-पिते आणि एकदाच मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. ही विष्ठा बघून घाबरू नका, बसलेल्या कोंबडीत ती तशीच असते.

पण एक फरक लक्षात ठेवा. खुडूक कोंबडीचे डोळे तरतरीत असतात, तुरा जरा फिका दिसला तरी ती तुमच्यावर चिडते. कोपऱ्यात पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली आणि हात लावला तरी न चिडणारी कोंबडी खुडूक नसते, ती आजारी असते. हा फरक न कळल्यामुळे "बसली असेल" म्हणून आजारी कोंबडी चार दिवस तशीच खुराड्यात राहते आणि तोवर बाकीच्यांना लागण होते.

सगळ्या जाती सारख्या खुडूक होत नाहीत. आपली गावठी, असील यांच्यात ओढ जास्त. कडकनाथ बसायला फारशी चांगली नाही, तिची अंडी लोक गावठी कोंबडीखालीच ठेवतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या सुधारित जाती क्वचितच खुडूक होतात, म्हणून त्या अंडी जास्त देतात. पण त्यामुळेच त्यांची पुढची पिढी त्या स्वतः काढत नाहीत, पिल्लं विकत आणावी लागतात. म्हणजे परसात सुधारित जात असली तरी एक-दोन गावठी कोंबड्या हव्यातच. त्या तुमच्या घरची मशीन आहेत, लाईट गेली तरी बंद न पडणारी.

पहिला निर्णय: बसवायची की मोडायची?

आता वही उघडा. मी माझ्या भागातले ढोबळ भाव धरते. तुम्ही तुमच्या गावचे भाव टाका, पद्धत तीच.

समजा गावठी अंडं १२ रुपये. कोंबडीखाली १२ अंडी ठेवली, म्हणजे १४४ रुपयांचा माल गुंतवला. ही अंडी "घरचीच आहेत" म्हणून फुकट धरू नका. विकली असती तर पैसे आले असते.

दुसरी गोष्ट, कोंबडीचा वेळ. २१ दिवस उबवणी, पुढे सहा-आठ आठवडे पिल्लांमागे फिरणं, मग पुन्हा अंड्यावर येणं. म्हणजे जवळपास तीन महिने ती अंडी देत नाही. तिची खुडूक मोडली असती तर दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर आली असती आणि त्या तीन महिन्यांत साधारण २० अंडी मिळाली असती. २० गुणिले १२, म्हणजे २४० रुपये. बीबीएला आम्हाला याला अपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणायला शिकवलं होतं. माझी आजी म्हणायची, "हातचं गेलं ते पण मोज." दोन्ही एकच.

तिसरी गोष्ट, पिल्लांचा खर्च. पहिले चार आठवडे स्टार्टर खाद्य, ९ पिल्लांना मिळून साडेतीन किलो, ४५ रुपये किलोने सुमारे १६० रुपये. लस-औषधाचा वाटा ३० रुपये.

आता बेरीज करा. १४४ अधिक १६० अधिक ३० म्हणजे ३३४ रुपये खर्च. त्यात हातचे गेलेले २४० मिळवले की ५७४ रुपये. दोन महिन्यांचं पिल्लू १२० रुपयांना जात असेल तर ५७४ भागिले १२० म्हणजे ४.८. थोडक्यात, पाच पिल्लं दोन महिन्यांची झाली तर तुम्ही बरोबरीत. सात जगली तर ८४० वजा ३३४, म्हणजे ५०६ रुपये हातात, मोडण्यापेक्षा दुपटीहून जास्त. आणि तीनच जगली तर ३६० रुपये येतात, खर्च ३३४. हातात उरले २६ रुपये, तेही तीन महिन्यांनी.

म्हणून "बसवू का?" या प्रश्नाआधी स्वतःला विचारा, "माझ्याकडे मागच्या वेळी बारातली किती पिल्लं दोन महिन्यांची झाली?" उत्तर पाचपेक्षा कमी असेल तर आधी पिल्लं का मेली ते शोधा. घार-मांजर, थंडी, हगवण, मानमोडी, यातलंच काहीतरी असतं. ते दुरुस्त होईपर्यंत खुडूक मोडणं परवडतं.

दुसरा निर्णय: कधी बसवायची?

कोंबडी खुडूक झाली म्हणून बसवली, असं करू नका. विक्री कधी करायची ते ठरवा आणि मागे मोजत या.

गावठी कोंबडा दीड किलोच्या आसपास यायला पाच-सहा महिने घेतो. आपल्याकडे गावठी कोंबड्याला मागणी कधी? चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आणि आषाढात गटारीच्या आधी. श्रावणात आणि मार्गशीर्षात मागणी पडते. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास बसवलेल्या अंड्यांची पिल्लं दिवाळीच्या मागेपुढे निघतात आणि जत्रेला तयार होतात. जानेवारीत बसवलेली फेब्रुवारीत निघतात आणि आषाढात विकायला येतात.

तब्येतीच्या दृष्टीनेही हाच काळ चांगला. ऐन एप्रिल-मेच्या उन्हात साठवलेली अंडी लवकर खराब होतात, उबवण कमी निघते आणि मानमोडीचा जोरही तेव्हाच असतो. भर पावसात, विशेषतः कोकणात, जमीन ओली राहते आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. तेव्हा ऑक्टोबर ते फेब्रुवारी बसवायच्या आणि बाकीच्या काळात शक्यतो मोडायच्या, हा ढोबळ नियम ठेवा. एकाच कोंबडीला वर्षातून दोनदापेक्षा जास्त बसवू नका, तिचं वजन उतरतं.

बसवायची ठरली तर

१. कोंबडी निवडा. आधी बसून पिल्लं नीट सांभाळलेली, वजनाने बरी, अंगात उवा-पिसवा नसलेली. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं बाजूला करून बघा. बसलेली कोंबडी धुळीत लोळत नाही, त्यामुळे तिच्या अंगावर उवा झपाट्याने वाढतात आणि त्रासून ती अंडी सोडून उठते. उवा दिसल्या तर बसवण्याआधीच डॉक्टरांना विचारून उपाय करा.

२. अंडी निवडा. सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. फार मोठी, फार लहान, तडा गेलेली, खडबडीत कवचाची बाजूला काढा. धुवू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. थंड, सावलीच्या जागी निमुळतं टोक खाली करून ठेवा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरुण कोंबडा हवा, नाहीतर अंडी फळणारच नाहीत. दुकानातली पोल्ट्रीची पांढरी अंडी ठेवून उपयोग नाही, तिथे कोंबडाच नसतो.

३. जागा करा. बांबूची टोपली किंवा जुनं घमेलं घ्या. तळाला तीन बोटं माती किंवा वाळू, मध्ये थोडा खळगा, वर सुकं गवत किंवा भाताचा पेंढा. जागा अंधारी, हवेशीर आणि बाकी कोंबड्यांपासून वेगळी. उन्हाळ्याकडे झुकता काळ असेल तर तळाच्या मातीत कडेने थोडं पाणी शिंपडा, ओलावा टिकतो.

४. रात्री हलवा. दिवसा उचलून नवीन जागी ठेवलेली कोंबडी पळते. रात्री अंधारात उचला, खाली दोन-तीन खोटी किंवा जुनी अंडी ठेवा. दोन दिवस टिकून बसली की रात्रीच खरी अंडी सरकवा. तिच्या आकारानुसार दहा ते बारा. हाव करून पंधरा-सोळा ठेवली तर कडेची अंडी गार पडतात, आणि ती अंडी फिरवत असल्याने रोज वेगळी अंडी कडेला जातात. शेवटी सगळ्यांचंच नुकसान.

५. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने फुली मारा. दुसऱ्या कोंबडीने मध्येच अंडं घातलं तर लगेच कळतं. ते तसंच राहिलं तर बाकीची पिल्लं २१व्या दिवशी निघतात, कोंबडी त्यांच्यामागे उठते आणि ते अंडं वाया जातं.

६. समोरच पाणी आणि दाणे ठेवा. रोज एकदा पंधरा-वीस मिनिटं ती उठतेय ना, बघा. उठत नसेल तर हळूच उचलून बाहेर ठेवा. उपाशी बसून कोंबड्या खंगतात.

७. सातव्या रात्री अंडी तपासा. मोबाईलचा टॉर्च चालतो. अंधारात अंड्याच्या रुंद टोकाला प्रकाश लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं फळलंय. स्वच्छ पिवळं दिसलं तर फळलेलं नाही, काढा. चौदाव्या रात्री पुन्हा बघा. हवेची जागा सोडून बाकी अंडं गडद दिसायला हवं. नुसती रक्ताची गोल रेघ दिसली तर आतलं पिल्लू मेलंय, काढून टाका. कुजलेलं अंडं घरट्यात फुटलं तर बाकीच्या अंड्यांना घाण लागते.

८. विसाव्या-एकविसाव्या दिवशी हात लावू नका. कवच सोलून "मदत" केली तर रक्तस्राव होऊन पिल्लू दगावतं. पिल्लाच्या पोटात बलक असतो, पहिला एक दिवस त्याला खायची गरज नसते. ओलं पिल्लू कोरडं होऊ द्या.

मोडायची ठरली तर

गावात जुने उपाय चालतात. थंड पाण्यात बुडवणं, नाकात पीस खुपसणं, पाय बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं. हे करू नका. नाकातल्या पिसाने जखम होते, बुडवलेली कोंबडी थंडीत आजारी पडते, आणि उपाशी कोंबडी अंड्यावर यायला उलट जास्त दिवस लावते.

सोपी पद्धत अशी. तिच्या पोटाखालची ऊब तोडायची. जाळीच्या तळाचा पिंजरा घ्या किंवा जुन्या खोक्याला खालून तारेची जाळी मारा. विटांवर ठेवून जमिनीपासून वर उचला, म्हणजे खालून हवा खेळेल. आत गवत, पेंढा काही नको. उजेडात, सावलीत, बाकी कोंबड्या दिसतील अशा जागी ठेवा. पाणी आणि चांगलं खाद्य पूर्ण द्या. तीन ते पाच दिवसांत खुडखुडणं थांबतं. संध्याकाळी सोडून बघा. थेट घरट्याकडे धावली तर आणखी दोन दिवस ठेवा. इकडेतिकडे चरायला लागली तर झालं.

लवकर पकडलं तर लवकर मोडते. दोन आठवडे बसून झालेल्या कोंबडीला वेळ लागतो. म्हणून अंडी दिवसातून दोनदा उचला, घरट्यात ढीग साठू देऊ नका. चार-पाच कोंबड्यांमागे एक घरटं असू द्या. एक खुडूक कोंबडी एकुलतं घरटं अडवून बसली की बाकीच्या झुडपात अंडी घालतात आणि ती मुंगसाच्या पोटात जातात.

एका ताईंचं उदाहरण

आमच्या मागच्या बॅचमधल्या एका ताईंकडे ११ कोंबड्या होत्या. गावातल्या एका खानावळीला आठवड्याला ३० अंडी द्यायचा शब्द त्यांनी दिला होता. जानेवारीत एकदम चार कोंबड्या खुडूक झाल्या. घरचे म्हणाले, चारही बसवा, पन्नास पिल्लं निघतील. ताई फोनवर म्हणाल्या, "मॅडम, पिल्लांचे पैसे जूनमध्ये येतील. खानावळवाल्याने दुसरीकडून अंडी घेतली तर तो परत माझ्याकडे येणार नाही."

अगदी बरोबर प्रश्न होता. गिऱ्हाईक तुटणं हा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही.

आम्ही ठरवलं ते असं. दोन कोंबड्या एकाच रात्री बसवल्या, प्रत्येकीखाली अकरा अंडी. उरलेल्या दोघी जाळीच्या पिंजऱ्यात. सातव्या रात्री तपासल्यावर २२ पैकी चार अंडी कोरी निघाली, काढून टाकली. पिल्लं निघाली १६. त्या रात्री सगळी पिल्लं एकीखाली दिली, थंडी असल्यामुळे डालग्यावर पोतं आणि शेजारी एक पिवळा बल्ब. दुसरी आई मोकळी झाली, तिलाही चार दिवस पिंजऱ्यात ठेवून परत अंड्यावर आणली. म्हणजे चार खुडूक कोंबड्यांपैकी पूर्ण तीन महिने अडकली फक्त एक. खानावळीची ३० अंडी मधले दोन आठवडे शेजारणीकडून घेऊन पूर्ण केली, त्यावर नफा नाही ठेवला. गिऱ्हाईक टिकलं. दोन महिन्यांनी १३ पिल्लं शिल्लक होती.

एकाच दिवशी दोन कोंबड्या बसवण्याचा फायदा कळला ना? अंडी जास्त कोरी निघाली तर सातव्या दिवशीच उरलेली एकीखाली करता येतात, आणि निघालेली पिल्लं एकीकडे देऊन दुसरी मोकळी होते. मात्र पिल्लं दुसऱ्या आईकडे पहिल्या एक-दोन रात्रींतच द्या, अंधारात. नंतर ती परकी पिल्लं टोचते.

पिल्लांचे पहिले चार आठवडे

नुकसान इथेच होतं. म्हणून चार गोष्टी पक्क्या करा.

पहिलं पाणी, मग दाणे. उथळ ताटलीत स्वच्छ पाणी, त्यात दोन-चार खडे टाका म्हणजे पिल्लू बुडणार नाही. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ चालतो. मग मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी कागदावर पसरून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर. नुसत्या कणीवर पिल्लू जगतं पण वाढत नाही, त्यात प्रथिनं कमी पडतात.

पहिले तीन-चार आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीत. घार, कावळा, मांजर यांना हीच पिल्लं सोपी सापडतात.

ऊब बघायला थर्मामीटर नसला तरी चालेल. पिल्लं एकावर एक चढून चिवचिवत असतील तर थंडी आहे. चोच उघडी टाकून बल्बपासून दूर पळत असतील तर गरम होतंय. पसरून शांत झोपली असतील तर बरोबर.

खालचा तूस किंवा भुसा कोरडा ठेवा. मुठीत दाबला आणि गोळा तसाच राहिला तर ओला आहे, बदला. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत लालसर विष्ठा, पंख ढिले, मान आत घेतलेली असं दिसलं तर रक्ती हगवण समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. यावर औषध आहे, पण उशीर झाला तर नाही.

मानमोडी आणि लसीचं गणित

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचा सगळा हिशेब एका आठवड्यात शून्यावर आणणारा रोग म्हणजे मानमोडी, म्हणजेच रानीखेत. उत्तराखंडमधल्या रानीखेत गावावरून भारतात हे नाव पडलं. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, मान वाकडी होणं, पाय-पंख लुळे पडणं. लस न दिलेल्या कळपात बहुतेक सगळे पक्षी जाऊ शकतात. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. दुकानात येऊन "एखादी गोळी द्या" म्हणणाऱ्यांना मी हात जोडून हेच सांगते. गोळी विकून मला चार पैसे मिळतील, तुमची कोंबडी वाचणार नाही.

लसीचं साधारण वेळापत्रक असं असतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीची आर-टू-बी, इंजेक्शनने. तुमच्या तालुक्यातले पशुवैद्यकीय डॉक्टर यात एखादा बदल सुचवतील, तो पाळा. आर-टू-बी लहान पिल्लांना द्यायची नाही. दोन लसी एकाच दिवशी उरकायच्या नाहीत. आजारी पक्ष्याला लस नाही, आणि बसलेल्या कोंबडीला उठवून लस देऊ नका, बसवण्याआधीच ती झालेली असू द्या. आईला लस दिलेली असेल तर अंड्यातून पिल्लांना सुरुवातीच्या दिवसांचं संरक्षणही मिळतं.

लोक लस का देत नाहीत? भीतीमुळे नाही. कारण असं की कुपी शंभर-दोनशे डोसांची येते आणि घरी कोंबड्या बारा. एकदा लस पातळ केली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली उद्या चालत नाही. मग बारा कोंबड्यांसाठी पूर्ण कुपी कशाला, म्हणून राहून जातं.

याचं उत्तर धंद्यात आहे: एकत्र खरेदी. तुमच्या बचत गटात दहा घरं आणि प्रत्येकी दहा कोंबड्या असतील तर एक कुपी पुरते. महिन्यातला एक दिवस ठरवा, सकाळी सातच्या आधी, कोंबड्या खुराड्यात असतानाच. एकीने थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणायची. ती दोन ते आठ अंशांतच राहायला हवी, पिशवीत टाकून एसटीने उन्हात आणलेली लस म्हणजे रंगीत पाणी. दुसरीने घराघरांत जाऊन पक्षी धरायचे, तिसरीने वहीत लिहायचं. डोस आणि पद्धत पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकदा शिकून घ्या. खर्च डोक्यामागे वाटा.

आणि याचा आणखी एक फायदा आहे. तुम्ही एकट्याने लस दिली आणि शेजारच्या चार घरांनी नाही दिली, तर रोग तुमच्या दाराशी फिरतच राहतो. कोंबडी कुंपण मानत नाही. उन्हाळ्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पूर्ण वस्तीची लस झालेली असावी.

रोग घरात कसा येतो?

बहुतेक वेळा पायाने आणि पिशवीने. आठवडी बाजारात विकायला नेलेली आणि न विकता परत आणलेली कोंबडी सगळ्यात धोक्याची. तिने दिवसभर दहा गावांच्या कोंबड्यांबरोबर श्वास घेतलाय. ती परत थेट खुराड्यात सोडू नका. नवीन आणलेला पक्षी असो, पाहुण्यांनी दिलेला असो की बाजारातून परत आलेला, किमान दोन-तीन आठवडे वेगळा, वेगळं भांडं, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करा. चिकनच्या दुकानातली पिसं-आतडी कोंबड्यांपुढे टाकू नका. बाजारातल्या चपला खुराड्यात नेऊ नका.

रोज सकाळी खुराडं उघडताना पाच मिनिटं फक्त बघा. कोण उडी मारून बाहेर आलं, कोण मागे राहिलं. तुरा लाल की काळपट. विष्ठा घट्ट की पाणीदार. रात्री टॉर्च न लावता खुराड्याशी दोन मिनिटं उभं राहून कान द्या, घरघर, शिंक ऐकू येते. महिन्यातून एकदा छातीचं हाड बोटांनी चाचपा. धार लागत असेल तर कोंबडी खंगतेय, बहुतेक जंत असतात. जंताचं औषध साधारण दोन-तीन महिन्यांनी, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. धुळीत लोळायला एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख ठेवा, उवांवर हा रोजचा उपाय आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा द्या, नाहीतर कवच पातळ होतं.

एकदम दोन-चार पक्षी मेले, तुरा निळा पडला, डोकं सुजलं असं दिसलं तर लपवू नका. २००६मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हा या गोष्टी हलक्यात घेऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. मेलेला पक्षी ओढ्यात टाकू नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, नंतर हात साबणाने धुवा. आणि उरलेले पक्षी घाईने बाजारात विकू नका. मला माहीत आहे, डोळ्यांसमोर भांडवल मरताना बघणं सोपं नसतं. पण तुमची आजारी कोंबडी दोनशे रुपयांना घेणारी बाई तुमच्यासारखीच असते, तिच्याही घरी दहा कोंबड्या असतात.

या आठवड्याचं काम

वाचून सोडून देऊ नका. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आजपासून तीन गोष्टी लिहा. रोजची अंडी, आकडा. कोंबडी खुडूक झाली की त्या तारखेला "खु", बसवली की "ब", आणि २१ दिवसांनंतरच्या तारखेला गोल. लस दिली की "ल". त्यासाठी वेगळी वही, ॲप काही नको. तीन महिन्यांनी त्या कागदावर तुम्हाला दिसेल कोणती कोंबडी किती वेळा खुडूक होते, बारातली किती पिल्लं हातात राहतात, आणि तुमचा पाचाचा आकडा खरा आहे की सहाचा.

मग बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एकच विषय मांडा: लसीची कुपी कोण आणणार आणि कोणत्या तारखेला. तारीख ठरली की मला कळवा. खुराडं बांधणीच्या पुढच्या व्हिडिओत तुमच्या गटाचा हिशेब, तुमची परवानगी असेल तर, सगळ्यांना दाखवू.

भेटू लवकरच. तोवर अंडी वेळेवर उचला!